ब्रेकने सोडायलाही हवं

त्र्यंबकेश्वर सह्याद्रीच्या ऐन धारेला वसलेलं आहे. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पूर्वेला वळून बंगालच्या उपसागराकडे जाते, तर याच डोंगरांत जन्मलेली वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राची वाट धरते. त्यामुळे इथून कोकणाच्या अंगाला निघालं की उतार ठरलेला. जव्हार-मोखाड्याकडे अंबोली आणि तोरंगणचे घाट, नाशिकहून हरसूलला जाताना वाघेरा घाट, घोटीच्या रस्त्यावर पहिन्याच्या बारीतली वळणं. या रस्त्यांवर एसटीच्या खालोखाल आधार मोटारसायकलचाच. शाळेतले शिक्षक, आशाताई, दूधवाले, पूजेला निघालेले गुरुजी, आठवड्याच्या बाजाराला जाणारी नवराबायको आणि पावसाळ्यात धबधबे बघायला आलेली नाशिकची पोरं, सगळ्यांच्या गाड्या याच उतारांवरून जातात.

उतारावर गाडी थांबवायचं मुख्य काम पुढचं चाक करतं. ब्रेक दाबला की गाडीचं आणि माणसांचं वजन पुढे झुकतं, पुढचा टायर रस्त्यावर जोरात दाबला जातो आणि मागचा हलका होतो. जो टायर जास्त दाबलेला, त्याची पकड जास्त. म्हणून जोराने थांबताना रोखण्याचं निम्म्याहून बरंच अधिक काम पुढच्या ब्रेकच्या वाट्याला येतं. तरीही आपल्याकडे या ब्रेकची चौकशी होते ती बहुतेक एकाच प्रश्नाने: ‘लागतो का?’ तो सुटतो का, हे फारसं कुणी विचारत नाही. ब्रेकचं निम्मं काम पकडण्याचं आहे आणि निम्मं सोडण्याचं. न सुटणारा ब्रेक घाटात न लागणाऱ्या ब्रेकइतकाच घातक ठरतो. त्र्यंबकच्या पावसात आणि चिखलात आधी बिघडतं ते हे सोडण्याचंच काम. ते समजून घ्यायचं तर पुढचं चाक आणि ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कला दोन पॅडनी धरणारा चिमटा, एकदा काढून परत बसवून पाहायला हवा.

उताराची उष्णता

समजा गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून ३०० किलो वजन आहे. एवढं वजन १०० मीटर खाली उतरलं की सुमारे २ लाख ९४ हजार जूल ऊर्जा मोकळी होते. वेग वाढू द्यायचा नसेल तर ती कुठेतरी जिरवावीच लागते. थोडी वारा खातो, थोडी खालच्या गिअरमधलं इंजिन खातं आणि उरलेली ब्रेक उष्णतेच्या रूपात गिळतात. जवळजवळ एक लिटर पाणी चुलीवर उकळी येईपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही होते. पुढची डिस्क साधारण किलोभर पोलादाची. यातली निम्मी उष्णता एकदम तिच्यात शिरली आणि वाऱ्याने काहीच नेली नाही, तर ती ३०० अंशांनी तापेल. प्रत्यक्षात वारा तिला सतत गार करत असतो, म्हणून एवढं होत नाही. पण पॅड डिस्कला कायम घासत राहिले तर गार व्हायला उसंतच मिळत नाही. सपाट रस्त्यावरही डिस्क तापलेली राहते आणि घाट लागतो तेव्हा सुरुवातच गरम ब्रेकने होते.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. १९५३ मध्ये फ्रान्समधली ल मां ही शर्यत जग्वारच्या गाड्यांनी डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या मोटारसायकलींमध्ये तेलावर चालणारा डिस्क ब्रेक रुळवला तो १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने. आपल्याकडे २००१ मध्ये आकुर्डीच्या बजाजने पल्सर आणली आणि पुढे डिस्क असलेली गाडी गावोगाव दिसू लागली. आज वाळूजच्या एन्ड्युरन्ससारख्या कंपन्या आणि चाकणजवळचा ब्रेम्बोचा कारखाना यांतून निघालेले कॅलिपर देशभरच्या गाड्यांवर आहेत. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. पण एबीएस असो वा नसो, शेवटी डिस्कला धरतात ते दोन पॅडच.

कॅलिपरच्या आत काय चालतं

हँडलवरचा लिव्हर दाबला की मास्टर सिलिंडरमधला छोटा पिस्टन ब्रेक ऑइलवर दाब देतो. द्रव दाबून आक्रसत नाही आणि बंद जागेत दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम. कॅलिपरमधल्या पिस्टनचा व्यास वरच्याच्या दुप्पट असेल तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि जोरही चौपट मिळतो. मात्र जोर चौपट झाला की सरकण्याचं अंतर चौथ्या हिश्शावर येतं. लिव्हर बोटभर ओढला तरी कॅलिपरमधला पिस्टन जेमतेम केसभर पुढे येतो. हे केसभर अंतर लक्षात ठेवायला हवं, चाक परत बसवताना त्याचाच हिशोब लागतो.

लिव्हर सोडल्यावर पिस्टन मागे येतो कसा? ड्रम ब्रेकमध्ये लायनर मागे ओढायला स्प्रिंग असते. डिस्कच्या कॅलिपरमध्ये तशी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं रबरी सील बसवलेलं असतं. पिस्टन पुढे सरकताना सील त्याला चिकटून थोडं पिळलं जातं. तेलाचा दाब उतरला की रबर आपल्या मूळ आकारात येतं आणि येताना पिस्टनला सोबत मागे ओढतं. मिलिमीटरचा एक बारीकसा अंश, पण डिस्क मोकळी फिरायला तेवढा पुरतो. ब्रेक सुटण्याची सगळी भिस्त त्या रबराच्या ताकदीवर आणि पिस्टनच्या गुळगुळीतपणावर असते.

साध्या मोटारसायकलींवरचे कॅलिपर बहुतेक सरकते असतात. पिस्टन एकाच बाजूला, चाकाच्या बाहेरच्या अंगाला. तो आपल्याकडचा पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून अख्खा कॅलिपर दोन पिनांवर उलट बाजूला सरकतो. तेव्हा आऱ्यांकडचा पॅडही डिस्कला लागतो. या पिना रबरी टोप्यांच्या आत ग्रीसमध्ये असतात. म्हणजे मोकळेपणी सरकायच्या जागा दोन झाल्या: सिलिंडरमधला पिस्टन आणि कॅलिपरच्या पिना. दोन्हींपैकी एक जरी अडकली तरी ब्रेक नीट सुटत नाही.

आवणीनंतरचा कॅलिपर

नाशिक शहरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या दुपटीहून जास्त त्र्यंबकला पडतो. आषाढात भाताची आवणी सुरू झाली की ट्रॅक्टर खाचरातून थेट रस्त्यावर येतात आणि चाकांना लागलेला तांबूस गाळ डांबरावर सांडत जातात. पुढच्या टायरने उडवलेलं ते पाणी सरळ कॅलिपरवर बसतं. ब्रेक गरम असला की पाणी वाळतं, माती उरते. दिवसातून दहा वेळा हेच होतं.

असा कॅलिपर भाद्रपदात उघडला की काय दिसतं ते बारकाईने पाहण्याजोगं आहे. पॅडच्या मागे मातीची टणक वडी बसलेली असते, ती स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावी लागते. पिस्टनचा बाहेर आलेला भाग चकचकीत हवा, त्याच्यावर तपकिरी पुटाचं कडं धरलेलं असतं. पॅड जसजसे झिजतात तसतसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याची वाढती पट्टी चिखलाला उघडी पडते. एका पिनेची रबरी टोपी फाटलेली, आतलं ग्रीस काळं पडून चिकट झालेलं. दोन्ही पॅड हातात घेतले तर फरक नजरेत भरतो. आऱ्यांकडचा पॅड निम्मा शिल्लक आणि पिस्टनकडचा लोखंडाला टेकायच्या बेतात. सारख्या दाबाने सारखे झिजायला हवे होते. एकच संपला, याचा अर्थ कॅलिपर पिनांवर सरकतच नव्हता. अशा वेळी नुसते नवे पॅड टाकून गाडी दिली तर महिन्या-दोन महिन्यांत तीच गत होते.

ब्रेक चिकटत असल्याच्या खुणा गाडी न खोलताही कळतात. पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं की दोन-तीन फेरे सहज व्हायला हवेत. डिस्क आणि पॅड यांचा हलका, सारखा आवाज चालतो. चाक लगेच थांबत असेल तर चालत नाही. ब्रेक न लावता काही किलोमीटर गेल्यावरही डिस्कजवळ हात नेताच धग लागत असेल, तर तोच रोग. डिस्कला बोट मात्र लावू नये.

काढण्याआधी

जागा सपाट आणि टणक हवी. गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक विटेने अडवावं. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच एक्सलचा नट आणि कॅलिपरचे दोन बोल्ट अर्धा फेरा सैल करून ठेवावेत. चाक हवेत गेल्यावर जोर लावला तर गाडी स्टँडवरून घसरू शकते. काही गाड्यांत एक्सलला शॉकअपच्या खालच्या टोकाशी आणखी एका बोल्टने आवळलेलं असतं, तो एक्सलच्या नटाआधी सैल करायचा.

मधला स्टँड असेल तर गाडी त्यावर घेऊन मागच्या बाजूला वजन ठेवावं आणि उचललेल्या इंजिनाखाली लाकडी ओंडका सरकवावा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना फक्त बाजूचा स्टँड असतो. त्यांना पॅडॉक स्टँड किंवा चेसीखाली जॅक लागतो. टेकू देताना सायलेन्सरचा वाकडा पाइप आणि ऑइल फिल्टरची जागा टाळायची. गाडी दोन्ही हातांनी हलवून पाहावी. डुलली तर पुढचं काम सुरू करू नये.

सुरुवातीलाच मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. कुठला स्पेसर डावीकडे, कुठला उजवीकडे, मीटरची केबल कुठून आली, एबीएसच्या सेन्सरची वायर कुठल्या क्लिपमधून गेली, हे सगळं तासाभराने आठवत नाही. पॅडची धूळ फुंकून उडवू नये, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसावी.

कॅलिपर आणि चाक

काही गाड्यांत कॅलिपर जागेवर ठेवूनही चाक खाली निसटतं. पण कॅलिपर साफ करायचाच आहे, तर आधी तो काढलेला बरा. बोल्ट पूर्ण काढण्याआधी कॅलिपर हाताने डिस्कच्या दिशेने दाबावा. पिस्टन किंचित आत जातो, पॅडमधली फट वाढते आणि कॅलिपर डिस्कवरून सहज निघतो. मग शॉकअपवर कॅलिपर धरणारे दोन बोल्ट काढायचे. इथे एक सावधगिरी हवी. कॅलिपरवर तिसराही एक ठळक बोल्ट असतो, ज्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात. तो ब्रेकच्या पाइपचा. त्याला हात लावला की तेल गळतं, आत हवा शिरते आणि मग सगळी हवा काढत बसावं लागतं.

निघालेला कॅलिपर पाइपवर लोंबकळत सोडू नये, पाइप आतून तडकू शकतो. तारेने तो शॉकअपला किंवा हँडलला बांधून ठेवावा. दोन पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घालावी. तेवढ्यात कुणी लिव्हर दाबलाच, तर पिस्टन बाहेर फेकला जाणार नाही.

आता एक्सल. नट टोकापर्यंत उलगडून आट्यांच्या टोकाशी ठेवावा आणि त्यावर लाकडाचा किंवा रबराचा हातोडा मारावा. लोखंडी हातोडीने थेट एक्सलच्या टोकावर मारलं की आटे चेपतात आणि नट परत बसत नाही. एक्सल ओढून काढताना दुसऱ्या हाताने चाकाचं वजन पेलायचं. चाक खाली आलं की ते डिस्कवर आडवं टाकू नये. डिस्क वरच्या बाजूला ठेवावी. चार-पाच मिलिमीटर जाडीच्या त्या चकतीला जरा बाक आला तरी लिव्हर हाताला धडधडत राहतो. एबीएसची गाडी असेल तर डिस्कजवळच्या दातेरी कड्यालाही ठोका लागू देऊ नये. चाक किती वेगाने फिरतंय हे सेन्सर त्या कड्यावरूनच मोजतो.

चाक हातात आलंय तर बेअरिंग तपासून घ्यावं. बोट आत घालून आतली रिंग फिरवायची. खरखर लागली, अडकली किंवा हलली तर बेअरिंग संपलं. कुंडात किंवा ओढ्यात चाक बुडवून गाडी धुणाऱ्यांच्या बेअरिंगमध्ये पाणी हमखास सापडतं. एक्सल सपाट काचेवर लोळवून पाहावा. वाकलेला असला की लगेच कळतं. डिस्कवर कमीतकमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. मोजमाप त्याखाली गेलं असेल तर डिस्क बदलणं हाच उपाय. पॅडवर झिजेची खाच असते. ती बुजली की पॅड गेला. पॅडवर तेल किंवा ग्रीस सांडलं असेल तर घासून-पुसून भागत नाही, नवाच घालावा लागतो.

सरकायच्या जागा साफ करताना

कॅलिपरची सफाई हा या कामाचा गाभा आहे, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आपल्याकडे काहीही साफ करायचं म्हटलं की पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेल पुढे येतं. कॅलिपरच्या रबराला ते चालत नाही. ब्रेक ऑइल हे खनिज तेल नसतं, ते ग्लायकॉलपासून बनतं आणि सीलचं रबर त्याच्यासाठीच निवडलेलं असतं. पेट्रोलियमचा कुठलाही पदार्थ लागला की ते रबर फुगतं आणि पिस्टनला आवळून बसतं. ब्रेक सोडवण्यासाठी केलेली सफाई ब्रेक कायमचा चिकटवते. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश, किंवा बाजारात मिळणारा ब्रेक क्लीनर, एवढ्यानेच काम करावं.

पॅड काढून ठेवावेत आणि लिव्हर अगदी हळू, थोडासाच दाबून पिस्टन दोन-तीन मिलिमीटर बाहेर घ्यावा. बाहेर आलेल्या भागावरचं पुट मऊ ब्रशने चारही बाजूंनी काढायचं. सँडपेपर लावायचा नाही, ओरखडा पडला की तिथून तेल झिरपतं. पिस्टन स्वच्छ झाल्यावरच तो पूर्ण आत ढकलायचा. मळलेला पिस्टन तसाच आत दाबला तर ती माती सीलवरून घासत आत जाते.

पिस्टन अंगठ्याच्या जोराने, एकसारखा आत जायला हवा. तो आत जातो तेव्हा तेल वर मास्टर सिलिंडरच्या डबीत चढतं. मधल्या काळात कुणी डबी काठोकाठ भरली असेल तर तेल उतू जातं. हे तेल रंग खातं. टाकीवर सांडलं तर ताबडतोब पाण्याने धुवावं. डबीभोवती फडकं बांधून ठेवणं उत्तम.

पिना बाहेर काढून जुनं ग्रीस पुसावं आणि सिलिकॉनचं ग्रीस पातळसं लावावं. बेअरिंगचं साधं ग्रीस इथेही रबर फुगवतं. फाटलेली टोपी बदलावी. किंमत किरकोळ असते आणि फायदा मोठा. कॅलिपर बसवल्यावर दोन बोटांनी पुढे-मागे सरकला पाहिजे. सरकत नसेल तर पुढचं काम थांबवून कारण शोधावं.

ब्रेक ऑइलचं वयही पाहून घ्यावं. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ जातीचं नवं तेल कमीतकमी २३० अंशांना उकळतं, पण ओल शोषलेल्या त्याच तेलाचा उत्कलनबिंदू १५५ अंशांपर्यंत खाली आलेला चालतो असं मानक सांगतं. तेल उकळलं की वाफ होते, आणि वाफ द्रवासारखी नसते. ती दाबली जाते. लिव्हर मऊ होऊन थेट हँडलला टेकतो आणि गाडी थांबत नाही. चिकटलेला ब्रेक आणि जुनं तेल यांची गाठ पडते ती घाटाच्या तळाशी, नेमक्या वळणावर. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलावं. त्र्यंबकच्या दमट हवेत त्यात चालढकल नको.

परत बसवताना क्रम महत्त्वाचा

चाक काढताना क्रम थोडा चुकला तरी चालून जातं. बसवताना चालत नाही. टायरवरचा आणि डिस्कवरचा बाण गाडी पुढे जाते त्या दिशेने हवा. मीटरची केबल फिरवणारा वर्म असेल तर त्याचे कान चाकाच्या खाचांत बसले पाहिजेत, नाहीतर नट आवळताना ते तुटतात. एक्सल पुसून त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवावा, म्हणजे गंज धरत नाही. ते ग्रीस डिस्कला लागू देऊ नये.

स्पेसर फक्त फट भरण्यासाठी असतात असं वाटतं, पण त्यांचं काम मोठं आहे. दोन बेअरिंगच्या मध्ये चाकाच्या आत एक नळी असते. नट आवळला की शॉकअप, स्पेसर, बेअरिंगच्या आतल्या रिंगा आणि ती नळी यांची एक सलग रांग घट्ट होते आणि बाहेरच्या रिंगा चाकासह मोकळ्या फिरतात. बेअरिंग बदलताना ती नळी आत घालायची राहिली, तर नट आवळताच आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात. चाक जड फिरतं आणि नवं बेअरिंग थोड्याच दिवसांत जातं.

एक्सल घालून नट आधी हातानेच लावावा. मग पॅड परत घातलेला कॅलिपर डिस्कवर अलगद चढवावा, पॅडची कड डिस्कवर आपटू देऊ नये. कॅलिपरचे बोल्ट आवळावेत. गाडी खाली घ्यावी. आता लिव्हर दाबायचा. तो हँडलला टेकेल आणि काही पकडणार नाही. घाबरायचं कारण नाही. आपण पिस्टन बराच मागे ढकलला आहे आणि एका ओढीत तो केसभरच पुढे येतो. दाबत राहावं. दहा-पंधरा वेळा दाबल्यावर लिव्हर घट्ट होतो. मग पुढचा ब्रेक धरून हँडलवर वजन टाकत शॉकअप चार-पाच वेळा खालीवर करावेत. त्याने शॉकअपचे दोन्ही पाय एक्सलवर आपापली नैसर्गिक जागा घेतात. एक्सलचा नट पक्का आवळायचा तो यानंतर, आणि शॉकअपच्या टोकाचा आवळणीचा बोल्ट सगळ्यात शेवटी. आधीच आवळला तर एक पाय तिरका खेचला जातो, शॉकअप अडखळत चालतात आणि डिस्क कॅलिपरच्या मध्यावर राहत नाही.

किती आवळायचं हे गाडीच्या माहितीपुस्तकात न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. ८ मिलिमीटरच्या कॅलिपर बोल्टला ते ३० च्या आसपास असतं. म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी साधारण १५ किलोचा जोर. पान्याला पाइप लावून त्यावर उभं राहण्याची सवय इथे घातक आहे. बोल्ट ताणला जातो आणि शॉकअपच्या ॲल्युमिनियममधले आटे उखडतात. मोजून आवळणारा टॉर्क पाना नाशिकच्या हत्यारांच्या दुकानात सहज मिळतो. दोघा-तिघांनी मिळून घेतला तरी वर्षानुवर्षं पुरतो. एक्सलच्या नटाला कॉटर पिन असेल तर ती प्रत्येक वेळी नवी घालावी.

ड्रमची गाडी असेल तर

त्र्यंबकच्या पाड्यांवर पुढे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्या अजून खूप आहेत. तिथे कॅलिपर नसतो, पण धोक्याची एक जागा असते. ब्रेकच्या प्लेटवर एक खाच असते आणि शॉकअपच्या पायावर तिच्यात बसणारा खुंटा. चाक बसवताना खुंटा खाचेत गेलाच पाहिजे. ब्रेक लावल्यावर प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते आणि तिला रोखणारा तो एवढा एकच आधार असतो. तो चुकला तर पहिल्या जोराच्या ब्रेकला प्लेट गरकन फिरते, केबल ओढली जाते, चाक जागच्या जागी जाम होतं आणि माणूस हँडलवरून फेकला जातो. नट आवळण्याआधी तिथे बोट लावून खात्री करून घ्यावी.

गाडी हलवण्याआधी

काम संपल्यावर किल्ली लावायच्या आधी पाच गोष्टी तपासाव्यात. लिव्हर घट्ट लागतो का. तो धरून ठेवला तर हळूहळू खाली बसत तर नाही ना. चाक उचलून फिरवलं की मोकळं फिरतं का. ब्रेक दाबून सोडल्यावर परत तितकंच मोकळं फिरतं का. आणि डबीतलं तेल दोन खुणांच्या मध्ये आहे का. यातली चौथी चाचणी बहुतेक जण विसरतात, आणि पावसाळ्यानंतर सगळ्यात जास्त माहिती तीच देते. चाक सुटलं, तर पिस्टनचं सील आणि पिना दोन्ही आपलं काम करताहेत.

मग गाडी ढकलत नेऊन ब्रेक लावावा, त्यानंतर सपाट रस्त्यावर हळू वेगात. नवे पॅड असतील तर पहिले शे-दोनशे किलोमीटर मध्यम दाबानेच ब्रेक लावावा. पॅड आणि डिस्क एकमेकांना पूर्ण टेकायला तेवढा वेळ लागतो. नव्या पॅडवर लगेच तोरंगणचा घाट उतरायला निघू नये.

हे काम घरी करायचं की मेस्त्रीकडे, हे हात आणि हत्यारं पाहून ठरवावं. सफाई, पिनांचं ग्रीस, चाक काढणं-बसवणं हे पुस्तक समोर ठेवून शिकता येतं. मात्र पहिल्यांदा जाणत्या माणसाला शेजारी बसवावं. सील बदलणं, पाइप खोलणं आणि एबीएसच्या गाडीतली हवा काढणं मेस्त्रीवर सोपवावं. गॅरेजला गाडी टाकली तरी मालकाने तीन गोष्टी मागून घ्याव्यात: जुने दोन्ही पॅड हातात द्या, पिना काढून ग्रीस केल्या का सांगा, आणि चाक उचलून फिरवून दाखवा. चांगल्या मेस्त्रीला या मागण्यांचा राग येत नाही. उलट गिऱ्हाईक जाणतं आहे, हे त्याला कळतं.

यासाठी वर्षातला मुहूर्तही सोयीचा आहे. आवणी आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी आटोपली, पाऊस ओसरला, की नवरात्राच्या आधी पुढचं चाक एकदा उतरवावं. दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, हळदकुंकू लावतो. त्या पूजेआधी अर्धा दिवस पिस्टन, पिना आणि तेल यांना दिला, तर वर्षभर त्या गाडीवर बसणाऱ्या प्रत्येक माणसाची खरी काळजी घेतल्यासारखं होईल. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ब्रेक लागेल आणि सुटेलही.